विंचवाचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सहसा कोणाची तरी कीव करताना किंवा कोणाला तरी नावे ठेवताना वापरतो. दर तीन वर्षांनी बदली होणारा नोकरदार, अकरा महिन्यांच्या कराराने खोल्या बदलणारा विद्यार्थी, आज या गावी तर उद्या त्या गावी पोट भरणारा कारागीर, या सर्वांची बोळवण आपण या एका म्हणीत करून टाकतो. तिच्यात स्थिर माणसाचा अस्थिर माणसाविषयीचा एक सूक्ष्म तुच्छतेचा सूर आहे. ही म्हण स्वतःविषयी अभिमानाने उच्चारणारा मराठी माणूस आम्हाला आजवर भेटला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भेटला, आणि तो दुसरा तिसरा कोणी नसून आम्हीच होतो.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि मुळशी तालुक्यातील नेरे या गावी राहतो. हिंजवडीच्या संगणकनगरीची सावली जिथवर पोहोचली आहे तिथवर इमारती आणि जिथे ती संपते तिथे भातखाचरे व उसाचे फड, असे आमच्या गावाचे आजचे रूप आहे. आमच्या इमारतीतील निम्म्या घरांतील कोणी ना कोणी परदेशी आहे. आमचाही धाकटा भाऊ मेलबर्नला स्थायिक झाला आहे. त्याने दोन वर्षे लावून धरलेला हट्ट अखेर आम्ही पुरवला आणि पंचाहत्तरीच्या आईला व मुलीला घेऊन तिकडे गेलो. हॉटेले नाहीत, कोणाच्या घरचा पाहुणचार नाही. मोटारीमागे जोडलेल्या चाकांवरच्या घरातून, ज्याला तिकडे कॅराव्हॅन म्हणतात, आठ दिवस समुद्रकाठाने हिंडायचे, असा त्याचा बेत होता.

या प्रवासाचे सुख सांगावे आणि थांबावे, असा आमचा आरंभी विचार होता. परत आल्यावर जे घडले त्यामुळे तो बदलला. तरीही क्रमाने सांगणे बरे.

प्रवासापेक्षा प्रवासाची तयारी अधिक रंगते, हा अनुभव नवा नाही. पण या तयारीत आम्हाला एक जुनी विद्या नव्याने भेटली. कॅराव्हॅनला एक ठरलेले कमाल वजन असते. रिकाम्या गाडीचे वजन त्यातून वजा केले की जे उरते तेवढेच सामान तुमचे. पाण्याची टाकी भरली की प्रत्येक लिटरमागे एक किलो त्यातून कमी होतो. भावाने स्वयंपाकघरातला तराजू काढून पीठ, तांदूळ, डाळी, कुकर, अंथरुणे, सारे तोलून एका वहीत लिहून काढले होते. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ नेण्याचे नियम कडक असल्यामुळे आईने बियाणे आणि ताजा कढीलिंब घरीच ठेवला होता, आणि नेलेल्या प्रत्येक पुडीची नोंद जाहीरनाम्यात केली होती. त्यानंतरही तिचे डबे सात भरले. त्यांतले तीन भावाने मेलबर्नच्या घरीच ठेवायला लावले.

सामान भरताना त्याने सांगितले, की जड वस्तू तळाशी आणि आसाच्या आसपास ठेवायच्या. मागचा भाग जड झाला तर वेग घेताच गाडी डोलू लागते आणि पुढच्या मोटारीलाही खेचते. जोडावर पुढे किती भार पडावा याचेही गणित असते. साधारण एकूण वजनाच्या एक दशांश. आई हे सारे शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे उलाळ होऊ द्यायची नाही." आम्ही मराठीचे अध्यापक, पण हा शब्द आम्ही कोशातच पाहिला होता. मागे भार जास्त झाला की बैलगाडीची धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठते आणि जुपणीचा फास गळ्याला बसतो, ती उलाळ. आईच्या माहेरी गाड्या होत्या. ज्या विद्येची छापील पुस्तिका भाड्याच्या गाडीबरोबर मिळाली होती, ती तिला सात वर्षांची असतानाच आलेली होती.

निघण्यापूर्वीचा पाठही ठरलेला असतो. गॅस बंद, छताची झडप बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, टेकू वर घेतलेले, साखळ्या अडकवलेल्या, मागचे दिवे लागतात की नाही ते पाहिलेले. एक म्हणतो आणि दुसरा 'झाले' असे उत्तर देतो. दुसऱ्या दिवसापासून हे काम मुलीने आपल्याकडे घेतले, आणि घरी अंथरुणाची घडीही न घालणारी ही कन्या बारा कलमांची तपासणी एकही न चुकवता करू लागली. लहान घरात प्रत्येकाला काम असते आणि कोणाचेही काम लपत नाही. मोठ्या घरात आपण एकमेकांना जे टाळू शकतो, ते तिथे टाळता येत नाही. आठ दिवसांत आमची दोन कडाक्याची भांडणे झाली आणि दोन्ही जेवणापूर्वी मिटली, कारण रुसून बसायला दुसरी खोलीच नव्हती.

आमचा मार्ग ग्रेट ओशन रोडचा होता. टॉर्केपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने खोदला. न परतलेल्या साथीदारांचे स्मारक म्हणून तो बांधला गेला. एका हाताला कडे, दुसऱ्या हाताला दक्षिणेचा तो गडद, थंड समुद्र. पोर्ट कॅम्पबेलजवळ समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके 'बारा प्रेषित' म्हणून ओळखले जातात. ते बारा कधीच नव्हते. त्यांतला एक २००५ साली कोसळला. तिथला वारा असा, की आईची शाल आम्ही दोघांनी धरून ठेवली होती. निसर्गवर्णन इतकेच पुरे. त्या दृश्यांची छायाचित्रे आता सर्वांनीच पाहिलेली असतात.

छायाचित्रांत येत नाही ते मुक्कामाचे सुख. सांज व्हायच्या आत गाडी थांबवायची, कारण कांगारू आणि वॉम्बॅट तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. मग गावाबाहेरच्या कॅराव्हॅन पार्कात आपल्या क्रमांकाची जागा शोधायची. तिथे प्रत्येक जागेला विजेचा एक खांब, पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि सांडपाणी सोडण्याची एक मोरी असते. मधोमध न्हाणीघरे आणि शौचालये, चोवीस तास गरम पाणी, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची जागा. गाडीतल्या शौचालयाची टाकी रिकामी करण्यासाठी वेगळा कोपरा. रात्री पायाखाली दिसेल इतपत दिवे. आमच्या कुकरची शिट्टी झाली की शेजारचे वृद्ध दांपत्य दचकून पाही. तिसऱ्या शिट्टीनंतर ते चौकशीला आले आणि आमटी-भात खाऊन गेले. निवृत्तीनंतर घर भाड्याने देऊन ते आठ महिने रस्त्यावर होते. अशा ज्येष्ठांना तिकडे एक लाडके नाव आहे, त्याचा अर्थ 'करड्या केसांचे भटके'. ते आजोबा स्वतःला भटके म्हणवताना खुदकन हसले.

त्या रात्री आईला झोप लागत नव्हती. ती म्हणाली, "चाकावरचं बिऱ्हाड म्हणून मला भीती वाटत होती. पण इथं उतरल्यावर घरीच आल्यासारखं वाटतं." आम्ही ते वाक्य कौतुकाने वहीत टिपून ठेवले. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे शीर्षक देऊन त्या रात्री नातेवाइकांना छायाचित्रेही पाठवली. अभिमानाने, हे वर आलेच आहे.

एक गोष्ट मात्र त्याच प्रवासात खटकली होती. हिंडण्यावर इतके प्रेम करणाऱ्या या देशाने आपल्या मूळच्या हिंडत्या माणसांशी काय केले होते? ज्यांना कुंपण आणि सातबारा नाही त्यांची जमीनही नाही, या समजुतीवर ब्रिटिशांनी तो भूभाग कोणाचाच नसलेला मानला. ती समजूत तिथल्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात नाकारली, ती थेट १९९२ साली. आमच्या मार्गाच्या शेवटी, पोर्ट फेरीच्या पलीकडे, बज बिम हा ज्वालामुखीचा प्रदेश आहे. तिथे गुंडिचमारा लोकांनी लाव्हाच्या दगडांत चर व बांध घालून ईल मासे पाळण्याची व्यवस्था किमान ६,६०० वर्षांपूर्वी उभारली. दगडी निवारेही बांधले. २०१९ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. ज्यांना भटके म्हणून बेदखल केले ते पुरते भटकेही नव्हते. भटका कोणाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार बहुधा कुंपणवाल्याकडेच राहतो. हा विचार तेव्हा मनात आला आणि परतीच्या बांधाबांधीत विरूनही गेला.

नोव्हेंबरच्या मध्यास आम्ही नेऱ्यास परतलो. आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून एक मोकळा भूखंड आहे. तिथे बारा-पंधरा कोप्या उभ्या राहिल्या होत्या. बांबूच्या कमानी, वर चटया आणि निळे-पिवळे प्लास्टिक, बाहेर तीन दगडांच्या चुली, बाजूला टायरच्या बैलगाड्या आणि वाढे खाणारे बैल. ऊस तोडणारी माणसे आली होती. इथून जवळच कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून, नगरकडून ही कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. माणसांची संख्या अवजाराने मोजणारा हा हिशेब ज्यांनी प्रथम ऐकला असेल त्यांनी क्षणभर थांबावे. पहाटे अंधारात कोयते बाहेर पडतात. मागे उरतात म्हातारी माणसे, लहान पोरे आणि त्या पोरांना सांभाळणाऱ्या थोड्या मोठ्या पोरी.

आठवड्याच्या आत आमच्या सोसायटीची सभा भरली. धुराची तक्रार होती, बैलांच्या शेणाची होती आणि मुख्य तक्रार उघड्यावर शौचास बसण्याची होती. कुंपणाबाहेर माळीकामासाठी एक नळ आहे. त्यावरून कोपीतल्या बायका पाणी भरत होत्या. 'पाणी मिळते म्हणून हे लोक इथे टिकतात' असा युक्तिवाद झाला आणि नळ बंद करण्याचा ठराव सर्वानुमते संमत झाला. सर्वानुमते, याचा अर्थ आमचीही सही त्यावर आहे. आम्ही काही बोललो नाही. प्रवासाचा शीण होता, उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या आणि शेजाऱ्यांशी वितुष्ट नको होते.

घरी येऊन आईला सांगितले. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, "तिकडं आपल्याला नळ कुणाचा होता?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून देत आहोत. हा लेख त्या उत्तराचाच एक भाग समजावा.

आम्ही वर्गात लक्ष्मण माने यांचे 'उपरा' शिकवतो. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाने गाढवांच्या पाठीवरचे कैकाडी बिऱ्हाड मराठी साहित्याच्या ओसरीत आणून उतरवले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, त्याचा पुढे होत गेलेला विस्तार, ३१ ऑगस्ट १९५२ ची मुक्तता, हे सारे आम्ही फळ्यावर लिहितो. 'भटके' हा शब्द ज्यांना कायद्याने चिकटवला त्यांच्यासाठी तो कधीच खुदकन हसण्याचा शब्द नव्हता, हेही सांगतो. आणि तेच आम्ही सभेत सही करून आलो. साहित्याने संवेदना विस्तारते असे आपण गृहीत धरतो. ती पुस्तकाच्या पानापासून कुंपणाच्या तारेपर्यंत आपोआप पोहोचत नाही, एवढे आता आम्ही स्वानुभवाने म्हणू शकतो.

कोणी म्हणेल, ही तुलनाच चुकीची आहे. हौसेने हिंडणारा पर्यटक आणि पोटासाठी हिंडणारा मजूर यांना एका तागडीत कसे तोलता? आक्षेप रास्त आहे. आमच्या प्रवासाला परतीचे तिकीट होते, त्यांच्या प्रवासाला उचलीचा बोजा आहे. ऑस्ट्रेलियाचेही गुणगान आम्हाला करायचे नाही. तिथेही वाटेल तिथे गाडी उभी करून झोपता येत नाही, आणि घरभाडे न परवडणारी माणसे तिथल्या कॅराव्हॅन पार्कांत नाइलाजाने कायमची राहतात. पण तुलना माणसांची नाही, मुक्कामाच्या जागेची आहे. आठ दिवसांत आम्हाला जे सुख मिळाले ते चाकांनी दिले नव्हते. चाके कोपीवाल्यांच्या गाड्यांनाही आहेत आणि सामान बेताने भरण्याची विद्या त्यांना आमच्याहून अधिक अवगत आहे. सुख दिले ते एका खांबाने, एका नळाने, कडी लागणाऱ्या शौचालयाने आणि रात्रीच्या दिव्याने. या चार गोष्टी असल्या की बिऱ्हाडाची सहल होते. त्या काढून घेतल्या की त्याच बिऱ्हाडाची परवड होते. शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बाईच्या शरीराचे काय होत असेल, हे सांगायला वैद्यकीची पदवी लागत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. त्या बायका कोणत्या मुक्कामांवरून कामाला जात होत्या, हे आपण फारसे विचारले नाही.

वाटसरूच्या मुक्कामाचा विचार आपल्याकडे नवा नाही. अहिल्याबाई होळकरांचे नाव देशभर घेतले जाते ते त्यांनी यात्रेच्या वाटांवर बांधलेल्या घाट, विहिरी आणि धर्मशाळांसाठी. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या या भिक्षुकाचे वृत्तांत वाचताना जाणवते, की त्या काळच्या प्रवाशाचा खरा प्रश्न आज किती चाललो हा नसून रात्री कोठे टेकायचे हा होता. धनगरांच्या वाड्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. दसरा-दिवाळीनंतर मेंढरे घेऊन माणदेश, फलटण, बारामतीकडचे वाडे कोकणाच्या दिशेने निघतात. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे बायका, मागे कळपासह पुरुष. वाटेतला शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, कारण लेंडीखताने जमीन सुधारते; आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे तोच मेंढपाळाला देतो. मुक्काम करणाऱ्याला मुक्कामाचे मोल मिळण्याची ही रीत कोणत्याही कॅराव्हॅन पार्कात आम्हाला आढळली नाही. शेते बिनशेती होऊन कुंपणे वाढली तशी ती आटत चालली आहे. ही कुंपणे आमच्यासारख्यांच्याच इमारतींची आहेत.

सरकारलाही हे जमत नाही असे नाही. आमच्यापासून फार दूर नसलेल्या देहूहून दरवर्षी तुकोबांची पालखी निघते. दिंडीचा मालमोटार हे एक चालते बिऱ्हाडच असते. त्यात राहुट्या, शिधा, शेगड्या, भांडी, आजाऱ्यांसाठी जागा. लाखोंच्या या वाटचालीसाठी मार्गावर पालखीतळ राखले जातात, पाण्याचे टँकर लागतात, फिरती शौचालये उभी राहतात. उणिवा असतात, पण जबाबदारी कोणाची याबद्दल वाद नसतो. वारकऱ्याचा मुक्काम ही समाजाची जबाबदारी, हे आपण मान्य केले आहे. कोयत्याचा मुक्काम मात्र मुकादमाची, कारखान्याची, जमीनमालकाची की ग्रामपंचायतीची, हा चेंडू हंगाम संपेपर्यंत टोलवला जातो.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात कॅराव्हॅनही आहेत आणि त्या उभ्या करण्यासाठी सोयींनी युक्त कॅराव्हॅन पार्कही आहेत. या धोरणाला आमचा विरोध नाही. त्या सुखाची चव आम्ही घेतली आहे आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ते सर्वांना मिळावे असे आम्हाला मनापासून वाटते. आमचे म्हणणे इतकेच, की 'पार्क' हा शब्द आयात करण्यापूर्वी आपल्याकडे असलेला 'तळ' हा शब्द आठवावा. ज्या राज्याला हौशी बिऱ्हाडासाठी खांब, नळ, मोरी आणि शौचालय यांचा आराखडा काढता येतो, त्याला तोच आराखडा कारखान्यांच्या परिसरात आणि मेंढरांच्या जुन्या वाटांवर वापरता यायला हरकत नसावी. आलिशान काही नको. हंगामापुरते राखलेले मैदान, चार नळ, दिवे आणि आतून कडी लागणारी दारे. पर्यटक आला तर त्यानेही तिथे शुल्क भरून खुशाल उतरावे. शेजारच्या चुलीवरची भाकरी त्याला कदाचित मिळेलही.

सभेचा ठराव अजून वहीत आहे आणि आमची सहीही. पुढच्या सभेत आम्ही तो रद्द करण्याची सूचना मांडली. तासभर वाद झाला. अखेर सकाळी दोन तास नळ सुरू ठेवण्यावर तडजोड झाली. भाडोत्री फिरत्या शौचालयाचा विषय 'पुढील सभेत' ढकलला गेला. पुढील सभा होईतो हंगाम संपलेला असेल, हे सर्वांना ठाऊक होते. आई सकाळी त्या नळापाशी खुर्ची टाकून बसते. एका कोपीतली म्हातारी तिच्याच वयाची आहे. गाडी उलाळ होऊ नये म्हणून संसार कसा भरायचा, यावर दोघींचे एकमत झाल्याचे आम्हाला कळले आहे.